‘मला ओळखता येतं’ हे मोजायचं कसं?

माध्यमसाक्षरतेच्या चाचण्यांबद्दल शाळांमधून आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे. बाकीच्या पत्रांतल्या बऱ्याच अडचणींचं मूळ त्याच पत्रात सापडतं.

प्रश्न : आमच्या शाळेत आठवी ते दहावीसाठी वर्षभर माध्यमसाक्षरतेचे तास घेतले. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलांना आणि शिक्षकांना वीस विधानांची एकच प्रश्नावली दिली. ‘खोटी बातमी मला ओळखता येते’, ‘मी बातमीचा स्रोत तपासतो’ अशी विधानं होती आणि ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच पर्याय होते. वर्षअखेरीस मुलांची सरासरी पहिल्यापेक्षा खाली आली. शिक्षकांची होती तिथेच राहिली. आता संस्थेतून विचारणा होतेय की हे तास बंद का करू नयेत? काय सांगू?
— एक मुख्याध्यापिका

उत्तर : तास चालू ठेवा. बाजूला ठेवायची ती प्रश्नावली.

त्या वीस विधानांनी मुलांचा स्वतःबद्दलचा अंदाज मोजला, कौशल्य मोजलं नाही. बातमी तपासणं म्हणजे नेमकं काय हे ज्या मुलाला पहिल्या दिवशी ठाऊकच नव्हतं, त्याने ‘मी स्रोत तपासतो’पुढे बिनधास्त ‘पूर्ण सहमत’वर खूण केली. वर्षभर शिकल्यावर त्याच्या लक्षात आलं की वेबसाइटचं नाव वाचलं म्हणजे तपासणं झालं असं नाही. म्हणून त्याने प्रामाणिकपणे एक पायरी खाली खूण केली. तुमच्या तक्त्यात ही घसरण दिसते, प्रत्यक्षात ती प्रगती असू शकते. ‘असू शकते’ एवढंच म्हणते, कारण या आकड्यांवरून मुलं शिकली की नाही, हे कोणत्याच बाजूने सांगता येत नाही.

मी शिकवत होते तेव्हा अशीच प्रश्नावली केली होती, आणि मोठ्या हौसेने. नववीतल्या एका मुलीने जवळजवळ प्रत्येक विधानापुढे ‘पूर्ण सहमत’ केलं होतं. अभ्यासू, नेटकी मुलगी. तिच्या उत्तरांवर शंका घ्यावी असं मला वाटलंही नाही. पुढच्याच आठवड्यात तिने वर्गात एका अपघाताचा फोटो दाखवला आणि त्याखालची ओळ वाचून दाखवली. ‘तुला कसं कळलं हा त्याच अपघाताचा फोटो आहे?’ असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘बाई, दिसतोय ना.’ ती खोटं बोलत नव्हती, आणि प्रश्नावली भरतानाही खोटं बोलली नव्हती. फोटो नीट निरखून पाहणं हेच तिच्या दृष्टीने तपासणं होतं. माझ्या प्रश्नावलीला हे कधीच कळलं नसतं. त्या दिवसापासून ‘मला येतं’ हे वाक्य मी गुणांत मोजलं नाही.

हा अनुभव एका वर्गापुरता नाही. २०२१मध्ये अमेरिकेतल्या प्रौढांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. खऱ्या-खोट्या मथळ्यांमधला फरक ओळखण्याची आपली क्षमता दर चारांपैकी साधारण तिघांनी प्रत्यक्षापेक्षा जास्त धरली होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात वेगवेगळ्या ‘साक्षरतां’ची तुलना होती. खोटी बातमी ओळखण्याशी संबंध फक्त माहितीसाक्षरतेचा, म्हणजे भरवशाची माहिती शोधून पारखण्याच्या क्षमतेचा दिसला, आणि ती मोजली होती बरोबर-चूक उत्तर असलेल्या प्रश्नांनी. बाकीच्या मोजमापांची भिस्त लोकांनी स्वतःला दिलेल्या गुणांवर होती.

मग मोजायचं कसं? मुलांना काम द्या आणि ती ते कसं करतात ते पाहा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या इतिहासशिक्षणाच्या गटाने सॅम वाइनबर्ग यांच्या नेतृत्वाखाली जे काम केलं आहे, ते मला अजूनही सर्वांत उपयोगी वाटतं. त्यांनी २०१६च्या अहवालासाठी अमेरिकेतल्या १२ राज्यांतून ७,८०४ उत्तरं गोळा केली. त्यातलं हायस्कूलसाठीचं एक काम असं : विचित्र आकाराच्या, वेड्यावाकड्या डेझीच्या फुलांचा फोटो आणि त्यावर ही जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतरची फुलं असल्याचा दावा. तिथल्या परिस्थितीचा हा सबळ पुरावा आहे का, आणि तसं का वाटतं ते लिहा. फोटो कुणी टाकला, तो तिथलाच आहे कशावरून, हे नीट विचारणारी मुलं २० टक्क्यांहूनही कमी निघाली. जवळजवळ ४० टक्के मुलांनी तो सबळ पुरावा मानला, कारण चित्र डोळ्यांसमोर होतं. माझ्या नववीतल्या मुलीचंच उत्तर.

इथे गुण कसे दिले तेही पाहा. ‘हो’ किंवा ‘नाही’ला गुण नव्हते. कारणं वाचून उत्तर तीन पायऱ्यांपैकी एकीवर ठेवलं जात होतं : अजून सुरुवात, जमू लागलंय, चांगलं जमलंय. ‘पुरावा नाही, कारण फक्त फुलं दिसतात, प्राणी दिसत नाहीत’ असं लिहिणारं मूल निष्कर्षापर्यंत पोहोचलं खरं, पण त्याची वाट चुकलेली आहे. त्याला वरची पायरी मिळत नाही. बहुपर्यायी प्रश्नात हेच मूल पूर्ण गुण घेऊन गेलं असतं.

याच गटाने २०१९मध्ये १४ राज्यांतल्या ३,४४६ हायस्कूल विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या वेळी मुलांपुढे इंटरनेट होतं. एक अस्पष्ट व्हिडिओ, त्यात मतपेट्यांमध्ये मतपत्रिका कोंबताना माणसं दिसतात. हा अमेरिकेतल्या मतदानातल्या गैरप्रकाराचा पुरावा आहे का? ५२ टक्के मुलं म्हणाली, सबळ पुरावा आहे. चित्रण रशियातलं होतं. व्हिडिओचं मूळ शोधून काढणारी मुलं सगळ्या अभ्यासात मिळून तीन. शोधायची मोकळीक सगळ्यांना होती, शोधावं असं वाटलं मात्र फार थोड्यांना. तुमच्या वीस विधानांत ‘मी शोधतो’पुढे या मुलांनी काय लिहिलं असतं याचा विचार करा.

तुमच्या शाळेसाठी मी तीन कामं सुचवीन. एक अनोळखी वेबसाइट, एक व्हिडिओ किंवा फोटो, आणि बातमीसारखी दिसणारी एक जाहिरात. प्रत्येकाला दहा-बारा मिनिटं, इंटरनेट खुलं. शेवटी एकच सूचना : ‘तुम्ही काय काय केलंत ते क्रमाने लिहा.’ ही ओळ विसरू नका. मुलाने पानावरच वर-खाली केलं, ‘आमच्याविषयी’ वाचून समाधान मानलं, की नवा टॅब उघडून बाकीचे त्या संस्थेबद्दल काय म्हणतात ते पाहिलं, हे त्यातूनच कळतं. कौशल्य आहे ते त्या क्रमात.

आणखी एक. तोच संच वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी देऊ नका. उत्तर एकदा मैदानावर फुटलं की त्या कामातून फक्त आठवण मोजली जाते. दोन जुळे संच करा. अर्ध्या मुलांना आधी ‘अ’ आणि नंतर ‘ब’, उरलेल्यांना उलट. म्हणजे ‘ब’ सोपा निघाला तरी त्याचा फायदा प्रगती म्हणून मोजला जाणार नाही. शक्य असेल तर हे तास न झालेल्या एखाद्या तुकडीलाही दोन्ही वेळा बसवा. वर्षभरात मुलं तशीही मोठी होतात, आणि तेवढी वाढ तुमच्या तासांच्या नावावर जाता कामा नये.

संस्थेला सांगा की घसरलेला आकडा आत्मविश्वासाचा आहे, कौशल्य मोजायला एक वर्ष द्या. आणि खोटं पकडण्यापुरतं मोजून थांबू नका. रेनी हॉब्ज आणि रिचर्ड फ्रॉस्ट यांनी २००३मध्ये अकरावीच्या विद्यार्थ्यांचं मोजमाप प्रसिद्ध केलं होतं. मुलांना रेडिओवरची, टीव्हीवरची आणि छापील अशा बातम्या देऊन त्यांनी विचारलं होतं : हे कुणासाठी केलंय, कशासाठी केलंय, लक्ष वेधायला काय युक्त्या वापरल्यात, आणि यात काय गाळलंय? ‘काय गाळलंय’ हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. पूर्णपणे खऱ्या बातमीलाही तो विचारता येतो.

प्रश्न : शिक्षकांनीही हीच चाचणी द्यावी असं मी सुचवलं. सहकारी दुखावले. ‘आम्ही काय विद्यार्थी आहोत?’ म्हणाले. शिक्षकांचं वेगळं काही मोजायचं असतं का?
— नववीचे वर्गशिक्षक

उत्तर : दोन्ही मोजायचं असतं. आधी हीच चाचणी, मग शिक्षकांसाठीची वेगळी.

सहकाऱ्यांना वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांचा आणखी एक अभ्यास सांगा. त्यात ४५ जण होते : १० पीएचडी झालेले इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक फॅक्टचेकर (बातम्यांतले दावे तपासणं हेच ज्यांचं काम) आणि स्टॅनफर्डचे २५ पदवी विद्यार्थी. त्यांना बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळं दाखवली. एक १९३०पासूनची, हजारो सदस्यांची मोठी संघटना. दुसरी २००२मध्ये तिच्यापासून फुटलेला छोटा गट, पण नाव आणि संकेतस्थळ तितकंच भारदस्त. सगळ्या फॅक्टचेकरांनी मोठी संघटना जास्त विश्वासार्ह ठरवली. इतिहासतज्ज्ञांपैकी निम्म्यांनीच तसं म्हटलं. विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना छोटा गटच जास्त भरवशाचा वाटला. ज्यांचं आयुष्य कागदपत्रं पारखण्यात गेलं ते पानावरच बारकाईने वाचत बसले, आणि फॅक्टचेकर काही क्षणांत पानाबाहेर पडले. नीट वाचायची सवयच इथे आडवी आली. ही सवय आपण शिक्षकांनीच मुलांना लावतो, म्हणून आपण अडखळलो तर त्यात अपमान नाही. नावं न घालता चाचणी घ्या, उत्तरपत्रिकेवर फक्त आकडा असू द्या, आणि निकाल मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाणार नाही हे आधीच स्पष्ट सांगा. मूल्यमापनाची भीती असली की शिक्षक शिकायला येत नाहीत, बचावाला येतात.

शिक्षकांची वेगळी चाचणी अशी : मुलांनी लिहिलेली दहा-पंधरा उत्तरं, नावं झाकून, दोन शिक्षकांना स्वतंत्रपणे तपासायला द्या. मग गुण जुळवा. मुलाच्या उत्तरातलं चुकलेलं वळण शिक्षकाला दिसतं का, हे यातून कळतं, आणि वर्गात उपयोगी पडतं ते हेच. नुसते ‘किती जुळले’ मोजू नका. तीन पायऱ्यांत डोळे मिटून गुण दिले तरी काही जुळतातच. ती योगायोगाची जुळणी वजा करून काढायचा कॅपा नावाचा निर्देशांक आहे, गणिताच्या शिक्षकांकडून तो काढून घ्या.

माझा स्वतःचा एक धडा सांगते. एका सहकारी बाईंबरोबर मी अशाच उत्तरपत्रिका तपासत होते. एका मुलाने लिहिलं होतं, ‘हे खरं नाही, कारण इंटरनेटवर कुणीही काहीही टाकतं.’ मी सर्वांत वरची पायरी दिली. शंका घेतोय, यापेक्षा काय हवं? बाईंनी खालची दिली. आम्ही अर्धा तास वाद घातला. शेवटी त्या म्हणाल्या, ‘हेच वाक्य त्याने खऱ्या बातमीखाली लिहिलं असतं तर तू काय दिलं असतंस?’ त्याची पुढची उत्तरं उलटून पाहिली. खऱ्या बातमीखालीही तेच वाक्य होतं. मी गुण खोडले. त्या संध्याकाळी निकषांच्या तक्त्यात आम्ही एक ओळ वाढवली : कारण याच मजकुराबद्दलचं हवं, सरसकट नको.

प्रश्न : तास सुरू झाल्यापासून माझा मुलगा कशावरच विश्वास ठेवत नाही. चांगल्या वर्तमानपत्रातली बातमी दाखवली तरी ‘पैसे घेऊन लिहिलंय’ म्हणतो. शाळेच्या चाचणीत मात्र त्याला पूर्ण गुण.
— एक पालक

उत्तर : त्या चाचणीत सगळा मजकूर खोटाच असणार, असा माझा अंदाज आहे. शाळेला एवढं एकच विचारा.

समजा दहा मथळे आहेत, पाच खरे आणि पाच खोटे. तुमच्या मुलाने दहाही खोटे म्हटले, तर खोट्यांमध्ये त्याला पाचपैकी पाच मिळतात आणि खऱ्यांमध्ये शून्य. शेजारच्या मुलीने दहाही खरे म्हटले. दोघांची बेरीज पाच, आणि फरक ओळखण्याची क्षमता दोघांचीही शून्य. पण शाळेने फक्त खोट्यांचे गुण धरले तर तुमचा मुलगा पहिला आणि ती शेवटची. केंब्रिजच्या संशोधकांनी २० मथळ्यांची एक चाचणी २०२३मध्ये प्रसिद्ध केली. त्यात निम्मे मथळे खरे आहेत. खरं ओळखणं, खोटं ओळखणं, अति अविश्वास आणि अति भोळेपणा यांचे गुण ती वेगवेगळे काढते. शाळेच्या चाचणीतही खरं ओळखणं आणि खोटं ओळखणं असे निदान दोन रकाने हवेतच.

हा धोका संशोधनातही दिसतो. फेसबुकवरच्या खोटी बातमी ओळखण्याच्या सूचनांचा परिणाम अमेरिका आणि भारतात तपासणारा अभ्यास २०२०मध्ये आला. खऱ्या-खोट्यातला फरक ओळखणं अमेरिकेत २६.५ टक्क्यांनी आणि भारतातल्या सुशिक्षित गटात १७.५ टक्क्यांनी सुधारलं, उत्तर भारतातल्या ग्रामीण गटात मात्र फरक पडला नाही. अमेरिकेत खऱ्या बातम्यांवरचा विश्वासही थोडा उतरला. खोट्यांवरचा त्याहून जास्त उतरला म्हणून हिशेब चांगल्या बाजूला राहिला. दोन्ही बाजू मोजल्या म्हणूनच हे कळू शकलं.

घरी मुलाशी वाद घालू नका. ‘पैसे घेऊन लिहिलंय’ म्हणाला की विचारा, ‘हे कुठे सापडलं? दाखव.’ अविश्वासालाही पुरावा लागतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. बहुतेक वेळा आम्ही शिक्षकांनीच सांगितलेलं नसतं.

प्रश्न : किती तास घेतले तर चाचणीत फरक दिसतो? एखादी कार्यशाळा पुरेल का?
— माहिती तंत्रज्ञानाचे शिक्षक

उत्तर : एका बैठकीवर फार भरवसा ठेवू नका. संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९च्या निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये प्रौढांना सुमारे तासाभराचं प्रशिक्षण दिलं होतं. सरासरीत परिणाम दिसला नाही. अमेरिकेत नेब्रास्कातल्या लिंकन शहरात हायस्कूलच्या ४९९ विद्यार्थ्यांच्या अभ्यासात ५० मिनिटांचे सहा तास घेतले गेले, आणि मुलं तुलना गटापेक्षा स्पष्टपणे पुढे गेली. पुढे बिहारमध्येच आठवी ते बारावीच्या १३,५०० च्या आसपास मुलांबरोबर, ५८३ गावांमध्ये, वर्गात बसवून अनेक सत्रांचा प्रयोग झाला. त्याचा परिणाम चार महिन्यांनंतरही टिकला होता आणि मुलांच्या पालकांपर्यंतही पोहोचला होता.

या शेवटच्या प्रयोगातून मोजणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर उचलावी. तास संपल्याच्या दुसऱ्या दिवशी चाचणी घेतलीत तरी तीन-चार महिन्यांनी, आधी न सांगता, पुन्हा घ्या. मला स्वतःला पहिल्या निकालापेक्षा या दुसऱ्या निकालाची जास्त उत्सुकता असते. जागतिक तक्त्यांची वाट पाहू नका. पीसा या पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतला २०१८चा ‘सरासरी ४७ टक्के मुलांनाच तथ्य आणि मत वेगळं करता आलं’ हा आकडा बऱ्याच लेखांत येतो, पण तो एकाच प्रश्नावरून काढलेला आहे. पीसा २०२९मध्ये माध्यमं आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साक्षरतेची स्वतंत्र चाचणी येणार आहे. पण तुमच्या वर्गातल्या कोणत्या मुलाला नवा टॅब उघडायचं सुचत नाही, ते तीही सांगणार नाही.

प्रश्न : आमच्या चाचणीत ‘ही बातमी खरी की खोटी’ विचारतात, पण मोबाइल किंवा कॉम्प्युटर वापरू देत नाहीत. कागदावर बघून मी कसं सांगणार? मी ‘तपासल्याशिवाय सांगता येणार नाही’ असं लिहिलं, तर शून्य मिळालं.
— दहावीतली विद्यार्थिनी

उत्तर : तुझं उत्तर मला आवडलं. ते अर्धं होतं, पण चुकीचं नव्हतं. पुढे ‘तपासायला मी अमुक शब्द टाकून शोधीन, आणि अमुक ठिकाणी काय म्हटलंय ते पाहीन’ असं लिहिलं असतंस, तर मी पूर्ण गुण दिले असते. बाईंना ही पानं दाखव. त्यांनाही अडचण असेल, सगळ्या मुलांना पुरतील इतकी यंत्रं बऱ्याच शाळांत नसतात.

यंत्रांशिवायही हे जमतं. एखादा दावा शोधल्यावर येणाऱ्या निकालांचं पहिलं पान छापून घ्यायचं आणि मुलांना विचारायचं : यातला कोणता दुवा आधी उघडशील, कोणता मुळीच उघडणार नाहीस, आणि का? तू करून बघ. वरचा पहिला दुवा पाहून थांबू नकोस. प्रत्येक निकालात पत्ता कुणाचा आहे ते वाच, तारीख वाच, ‘जाहिरात’ असा बारीक शब्द कुठे आहे का ते बघ, आणि शेवटच्या निकालापर्यंत खाली ये. मग एक दुवा निवड आणि कारण दोन ओळींत लिही. ते बाईंना दे, आणि त्यांनी कोणता निवडला असता तेही त्यांना विचार.